फ्रान्समधलं भाषा-सेमिस्टर : बी-१ हातात असेल तरच पैसे घाला

फ्रेंच भाषा आणि संस्कृती शिकायला एक सेमिस्टर फ्रान्समध्ये काढायचं, तर घरातून सहा ते सव्वाआठ लाख रुपये बाहेर पडतात. नाशिकच्या मध्यमवर्गीय घराला ही रक्कम लहान नाही. त्यामुळे एवढ्या पैशांत काय पदरात पडतं, काय पडत नाही आणि गाडी कुठे अडते, हे आधी नीट कळायला हवं. हे परीक्षण विद्यापीठांशी जोडलेल्या भाषाकेंद्रांतल्या एका सेमिस्टरच्या अभ्यासक्रमाचं आहे. पदवीसाठी जाणाऱ्यांचा किंवा तीन-चार आठवड्यांच्या उन्हाळी वर्गाचा हिशेब वेगळा असतो, तो इथे नाही.

आधी निकाल सांगतो. युरोपात भाषेची पातळी ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२ अशा सहा पायऱ्यांत मोजतात; ए-१ सर्वांत खालची. बी-१ पातळी पूर्ण करून गेलात तर हे सेमिस्टर पैसे वसूल करून देतं. ए-१ किंवा कोऱ्या पाटीने गेलात तर इथे काही हजारांत होणारं काम तिकडे लाखांत होतं.

याचं कारण साध्या गणितात आहे. सेमिस्टर बारा-तेरा आठवड्यांचं, आठवड्याला अठरा ते वीस तास, म्हणजे एकूण सव्वादोनशे ते अडीचशे तास. एवढ्या तासांत साधारण एक पातळी चढता येते, फार तर दीड. बी-१ वरून निघालेला विद्यार्थी बी-२ ला पोचतो आणि बी-२ ला बाजारात किंमत आहे. शून्यावरून निघालेला ए-१ ओलांडून फार तर ए-२ च्या वाटेवर येतो, आणि त्यासाठी नाशिक सोडायची गरजच नव्हती.

दुसरं कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. माहितीपत्रकावर 'भाषा आणि संस्कृती' असं लिहिलेलं असतं, पण बहुतेक केंद्रांत संस्कृतीचे विषय, म्हणजे साहित्य, कलेचा इतिहास, सिनेमा, पाचव्या प्रजासत्ताकाची (म्हणजे आजच्या फ्रान्सची) राज्यव्यवस्था, हे बी-१ किंवा बी-२ पासून पुढेच निवडता येतात. खालच्या पातळ्यांना सगळे तास भाषेचेच. म्हणजे ज्या अर्ध्या भागासाठी हौसेने नाव नोंदवलं, तो भाग वाट्याला येतच नाही.

बारावीला फ्रेंच घेऊन ९० च्या वर गुण मिळवलेल्या मुलांनी इथे विशेष सावध राहावं. ते गुण बहुतांशी लेखी परीक्षेचे असतात. समोरचा माणूस साध्या वेगाने बोलला की त्यातली बरीच मुलं ए-१ लाच अडकतात. स्वतःची खरी पातळी कळायला डेल्फ परीक्षा द्या. ती पुण्याच्या किंवा मुंबईच्या आलियाँस फ्रान्सेजमध्ये देता येते. चार भाग, प्रत्येकी २५ गुण, उत्तीर्ण व्हायला एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. बी-१ च्या परीक्षेत श्रवणाच्या भागात १५ च्या खाली आलात तर सेमिस्टर सहा महिने पुढे ढकला आणि ते महिने फ्रेंच रेडिओ ऐकण्यात घाला.

आता शहरांबद्दल. पॅरिसचं नाव मोठं आणि सॉर्बोनचा परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा अभ्यासक्रम १९१९ पासून चालत आलेला आहे, शिकवणं उत्तमच. पण खोलीभाडं अंगावर येतं, आणि तुम्ही अडखळलात की दुकानदार लगेच इंग्रजीवर येतो. भाषा शिकायला आलेल्या माणसाचं त्यात नुकसान होतं. लहान शहरात समोरच्यालाही इंग्रजी फारसं जमत नाही, म्हणून दोघंही फ्रेंचवरच टिकून राहतात.

ग्रनोब्लचं विद्यापीठ केंद्र जुनं आणि मोठं आहे, गाव आल्प्सच्या कुशीत, ट्राम चांगली, विद्यार्थी भरपूर. शिक्षक व्हायचं असेल तर बेझाँसोंच्या सीएलए केंद्राचा विचार करा. १९५८ पासून तिथे परदेशी शिक्षकांनाही प्रशिक्षण मिळतं. थंडी मात्र कडक. व्हिशीचं कॅव्हिलाम हे भाषाकेंद्र १९६४ चं. नाव कोणतंही असो, केंद्राला 'कालिते एफएलई' हे सरकारी गुणवत्ता-चिन्ह आहे का, ते तपासा. २००७ पासून ते प्रत्यक्ष तपासणी करून दिलं जातं.

नाशिकच्या विद्यार्थ्यासाठी आमची पहिली पसंती तूर. तिथली ॲन्स्तित्यु द तुरेन ही संस्था १९१२ ची. 'तूरचं फ्रेंच सगळ्यात शुद्ध' असं फ्रान्समध्ये परंपरेनं म्हणतात. त्या भागात लुआर नदीकाठच्या वाड्यांत एकेकाळी राजदरबार राहायचा, त्यातून आलेली ही कीर्ती. ती शब्दशः घेऊ नका, पण कानाला सवय लावायला तिथलं बोलणं सोपं जातं हे खरं. पॅरिस विमानतळावरूनच थेट वेगवान गाडी सें-पिएर-दे-कॉरला जाते, तिथून तूर हाकेच्या अंतरावर.

आणि नाशिककरांना तिथे ओळखीचं काहीतरी सापडतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकच्या मळ्यांत आलेलं शेनँ ब्लाँ हे द्राक्षाचं वाण मूळचं लुआर खोऱ्यातलं. तूरच्या शेजारच्या व्हूव्रे गावची वाइन याच द्राक्षाची. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काढणी. तिकडे वर्षातून एकदाच, हिवाळ्यात छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी. शरद सेमिस्टर नेमकं काढणीच्या दिवसांत सुरू होतं. गंगापूर किंवा दिंडोरीच्या वाइनरीत, वाइन पर्यटनात, हॉटेल व्यवसायात जायचं असेल त्याला ताय म्हणजे छाटणी, सेपाज म्हणजे वाण, व्हाँदाँज म्हणजे काढणी, क्यूव्ह म्हणजे टाकी हे शब्द तिथे पुस्तकाबाहेर भेटतात. नाशिकमध्ये या शब्दांवर नोकरी मिळते, हे ध्यानात घेऊन गाव निवडा.

वर्गात काय शिकवतात? श्रवण, संभाषण, लेखन, व्याकरण, उच्चार. या सगळ्यांत उच्चाराचा तास सर्वांत मोलाचा, कारण तोच इथे नीट मिळत नाही. मराठी माणसाची नेमकी अडचण एका स्वराची आहे. 'दस्यु' म्हणजे वर आणि 'दसू' म्हणजे खाली. दोन्हींत फरक फक्त शेवटच्या स्वराचा, आणि मराठी कानाला दोन्ही 'ऊ'च ऐकू येतात. चावी कपाटाच्या वर आहे की खाली, हेच कळत नाही. उपाय असा : ओठ 'ऊ'साठी करतो तसे गोल, पुढे काढलेले ठेवायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. ओठ हलू द्यायचे नाहीत. आरशासमोर रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. हे नाशिकमध्येच करून जा, तिकडचे तास पुढच्या गोष्टींना मिळतील.

मराठीचा फायदाही तितकाच मोठा आहे आणि शिक्षक तो सांगत नाहीत, कारण त्यांना मराठी माहीत नसते. 'जवळ'मधला ज आपल्या तोंडात आधीच आहे, फ्रेंच z त्याच्या अगदी जवळचा. 'लेझामी'मध्ये (ले + आमी, म्हणजे मित्र) दोन शब्द जोडले जातात, ती आपल्या संधीसारखीच सवय. तू आणि तुम्ही हा भेद इंग्रजी मुलांना महिनाभर छळतो, आपल्याला घरातूनच येतो. आणि 'ऑन' हे सर्वनाम शिकवताना शिक्षक फळाभर आकृत्या काढतात, ते सरळ आपलं 'आपण' : 'आपण जाऊ या', 'आपण असं बोलत नाही'.

आकडे मात्र घाम फोडतात. बहात्तर म्हणजे साठ-बारा, सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. आपल्याकडे जुन्या बायका विसाच्या हिशेबाने मोजायच्या, 'तीन विसा नि बारा', तसंच हे. फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत सांगतात. 'साठ' ऐकून तुम्ही ६० लिहिता, मग 'बारा' येतं आणि ते ७२ होतं. तोवर पुढची जोडी निघून गेलेली असते. घर, बँक, डॉक्टर, सगळं फोनवर ठरतं, म्हणून हा सराव आधी करा. आकडा ऐकू आला की लगेच लिहायचं नाही, पुढचा शब्द येईपर्यंत पेन उचललेलं ठेवायचं.

गुणांचं आणखी एक. तिकडे २० पैकी गुण देतात. १० ला उत्तीर्ण, १२ म्हणजे ठीक, १४ म्हणजे चांगलं, १६ म्हणजे फार चांगलं. ८५ टक्क्यांची सवय असलेल्या मुलाला १३ मिळाले की तो खचतो; घरच्यांनीही फोनवर चौकशी करताना हे लक्षात ठेवावं. लेखनात शब्दसंख्या पाळणं सक्तीचं असतं. सारांश शंभर शब्दांत सांगितला असेल तर दहा टक्के इकडेतिकडे चालतं, त्यापुढे गुण कापतात. शब्द मोजायची रीतही ठरलेली आहे : दोन मोकळ्या जागांमध्ये जे येईल तो एक शब्द, म्हणून 'सेतादिर' (c'est-à-dire, 'म्हणजे') हा जोडचिन्हांनी बांधलेला अख्खा प्रयोग एकच धरतात. निबंधाला बाजू, विरुद्ध बाजू आणि मग मेळ, अशी तीन अंगांची मांडणी हवी असते. आपल्याकडचा 'प्रस्तावना, फायदे, तोटे, समारोप' हा साचा तिथे कमी गुण घेतो, कारण त्यात दोन्ही बाजू एकमेकींशी भिडत नाहीत, नुसत्या शेजारी बसतात.

वर्गाबाहेरचा धोका सांगायलाच हवा. वर्गात जपान, कोरिया, चीन, दक्षिण अमेरिका, अमेरिका इथली मुलं असतात. मधल्या सुट्टीत सगळी इंग्रजीवर येतात आणि भारतीय मुलं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात हिंदीवर. असं झालं की दिवसाला फ्रेंच फक्त वर्गापुरतं उरतं. पैसे वाया जाण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, केंद्राची गुणवत्ता नव्हे.

म्हणून राहण्याची सोय हा या सौद्याचा अर्धा भाग आहे. एका सेमिस्टरसाठी आम्ही कुटुंबात राहणं सुचवतो. लहान शहरात नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासह महिना साधारण ६०० ते ७५० युरो. क्रूस या सरकारी विद्यार्थी-सेवा संस्थेची नऊ चौरस मीटरची खोली याहून बरीच स्वस्त, पण भाषाकेंद्राच्या विद्यार्थ्यांना ती मिळेलच असं नाही. कुटुंबातलं रात्रीचं जेवण म्हणजे रोजचा तास-दीड तासाचा फुकट वर्ग : 'शे पा' म्हणजे 'मला माहीत नाही', 'या' म्हणजे 'आहे', ही पुस्तकात न दिसणारी तुटकी बोली तिथेच कानावर पडते. एक बारीक गोष्ट : वाढताना तुम्ही नुसतं 'मेर्सी' म्हणालात तर त्याचा अर्थ 'नको' असा घेतात आणि भांडं पुढे जातं. आपल्यासारखा दुसऱ्यांदा आग्रह होत नाही. हवं असेल तर 'वुई, व्होलाँतिए' म्हणा. दुकानात शिरताना आधी 'बाँझूर', मग काम. हे चुकलं की समोरचा थंड पडतो आणि तुम्हाला वाटतं आपलं फ्रेंच वाईट आहे.

स्वतंत्र खोली घ्यायची तर 'बाय मोबिलिते' प्रकारचा भाडेकरार मागा. २०१८ च्या एलान कायद्याने आलेला हा करार एक ते दहा महिन्यांचा असतो, विद्यार्थ्यांना चालतो आणि त्यात घरमालकाला डिपॉझिट घेताच येत नाही. कोणी मागितलं तर हा नियम दाखवा. जामीनदार विचारतात तेव्हा 'व्हिझाल' ही मोफत हमी-योजना आहे. पात्र आहात का ते आधी तिच्या संकेतस्थळावर तपासा. खोली ताब्यात घेताना 'एता दे लिए' नावाचा स्थितीचा कागद होतो. भिंतीवरचा प्रत्येक डाग, सैल नळ, तुटकं हँडल त्यात लिहून घ्या आणि फोटो काढा. जे लिहिलं नाही त्याचे पैसे जाताना तुमच्याकडून मागितले जातात. घराचा विमाही भाडेकरूलाच काढावा लागतो.

कुटुंबात राहणार असाल तर, घर बायको-मुलांचं असो की एकट्या राहणाऱ्या आजीचं, शाकाहारी असल्याचं अर्जातच स्पष्ट लिहा. 'मांस खात नाही' एवढं पुरत नाही : कीशमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, गोड पदार्थांत जिलेटिन, आणि कितीतरी चीजमध्ये 'प्रेझ्युर' म्हणजे वासराच्या जठरातलं विरजण. हे चालत नसेल तर हा शब्द पाठ करून वेष्टनावर शोधा. सामानात तूप, पेढे, पनीर नेऊ नका; युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवासी सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नाही. गोडा मसाला, हिंग, सुकी चटणी, चिवडा चालतो.

कागदपत्रांत वेळ सर्वांत जास्त जातो. क्रम असा : भाषाकेंद्राचं प्रवेशपत्र, मग कॅम्पस फ्रान्स या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या फ्रेंच सरकारी संस्थेच्या 'एत्युद आँ फ्राँस' या संकेतस्थळावर खातं, कागद आणि शुल्क, त्यानंतर मुलाखत, मग ना-हरकत, मग 'फ्रान्स-व्हिसा'चा अर्ज आणि शेवटी व्हीएफएस या व्हिसा-अर्ज केंद्रात बोटांचे ठसे. त्यासाठी मुंबई किंवा पुण्याला स्वतः जावं लागतं. व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्याआधी नाही. खर्चाचा पुरावा महिन्याला किमान ६१५ युरोचा. सप्टेंबरला जायचं तर मार्चमध्ये केंद्राला अर्ज, मे-जूनमध्ये मुलाखत, जुलैत व्हिसा, असं धरा. मुलाखतीत इंग्रजीची परीक्षा नसते; हेच शहर का, हीच पातळी का आणि परत आल्यावर काय, या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं हवीत. पाठ केलेलं पत्र लगेच ओळखू येतं. हे सगळं स्वतः करता येतं. सल्लागाराला पैसे द्यायचेच असतील तर कागद तपासण्यापुरते द्या, 'व्हिसाची खात्री' या नावाखाली नको. ती कोणीच देऊ शकत नाही.

अडतं कुठे? आपल्या नावात. गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. फ्रेंच अर्जात 'नोम' म्हणजे आडनाव आणि 'प्रेनोम' म्हणजे नाव. इंग्रजी 'नेम' समजून 'नोम'मध्ये पहिलं नाव भरलं की प्रवेशपत्र एका नावाचं, व्हिसा दुसऱ्या. प्रत्येक ठिकाणी पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न् अक्षर भरा. दुसरा अडथळा जन्मदाखला. बऱ्याच जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं. महापालिकेत नाव लावून नवा दाखला घ्यायला वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी. त्याचं अपॉस्टिल करून घ्या. फ्रान्समधल्या आरोग्य विम्याच्या नोंदणीला तो लागतो.

ती नोंदणी विद्यार्थ्याला मोफत आहे, अमेली या सरकारी आरोग्य विम्याच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या संकेतस्थळावर होते, आणि डॉक्टरच्या फीचा साधारण ७० टक्के भाग परत मिळतो. पण क्रमांक यायला कित्येकदा महिने लागतात आणि सेमिस्टर चार महिन्यांचं. म्हणून पूर्ण मुदतीचा प्रवासी विमा इथूनच काढून जा. व्हिसाचा शिक्काही वाचा : 'व्हीएलएस-टीएस' (निवास-परवान्याचंही काम करणारा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा) असेल तर पोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन नोंदवावाच लागतो, नाहीतर मुक्काम बेकायदा ठरतो.

खर्चाची फोड : केंद्राची फी बऱ्याच ठिकाणी २,००० ते ३,५०० युरो, चार महिन्यांचं राहणं-खाणं लहान शहरात २,८०० ते ३,४००. युरोला १०५ रुपये धरा. विमान, व्हिसा, विमा, थंडीचे कपडे मिळून वर एक लाख. घरभाड्याला मिळणारी 'काफ' या सरकारी भत्ता-कार्यालयाची मदत हिशेबात धरूच नका. अल्प मुक्कामात ती पदरात पडेलच असं नाही. वर्षाला दहा लाखांच्या आत पैसे पाठवले तर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) लागत नाही, हे २०२५ पासूनचं.

कधी जावं? शिकता शिकता गेलात तर पुणे विद्यापीठाचं जुलै ते नोव्हेंबरचं सत्र मोडतं आणि पुढचंही अर्धं जातं, कारण तिकडचं शरद सेमिस्टर सप्टेंबर ते डिसेंबर-जानेवारी. श्रेयांक इथे धरले जातील असं दोन्ही विद्यापीठांचं लेखी संमतीपत्र नसेल तर त्यावर विसंबू नका. टी. वाय. ची परीक्षा मेमध्ये संपवून सप्टेंबरला जाणं सर्वांत सोयीचं. फ्रेंचमध्ये बी. ए. किंवा एम. ए. केलेल्यांनी फ्रेंच शाळांतल्या इंग्रजी सहायक शिक्षकाच्या कार्यक्रमाचीही चौकशी करावी. तिथे मानधन मिळतं.

परतताना 'रलेव्हे द नोत' म्हणजे गुणपत्रक आणि उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती कार्यालयातून हातात घेऊनच निघा. मूळ पदविका छापून यायला पुढे काही महिने जातात, आणि तोवर नाशिकच्या मुलाखतीत दाखवायला हेच दोन कागद असतात.